रुक्मीच्या वहीतलं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही म्हणाल, एका सहीची गोष्ट — त्यात काय एवढं? मीही बरीच वर्षं स्वतःची अशीच समजूत घातली.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं होती. मी सांगलीत नववीत होते आणि मला सह्यांचं वेड लागलं होतं. क्रिकेटवाल्यांच्या नव्हे, त्या सगळेच गोळा करायचे. मला हव्या असायच्या हॉकी खेळणाऱ्या बायकांच्या. आठ-दहा जमल्याही होत्या. रिकाम्या तासाला मी त्या सह्या गिरवत बसायचे. इतक्या हुबेहूब जमायच्या की वर्गातल्या मुली खरी कुठली, खोटी कुठली हे ओळखायच्या पैजा लावायच्या — आणि हरायच्या.

शाळेच्या हॉकी संघात मी होते ती अकरा जणी भरायला. खरी खेळायची ती रुक्मी. ती म्हसवडची, शिकायला माधवनगरला मावशीकडे राहिलेली. गोलात उभी राहायची. मुलांचे टाकून दिलेले क्रिकेटचे पॅड सुतळीनं पायाला बांधायची. चेंडू सरळ अंगावर घ्यायची आणि वर हसायची, "लागलं न्हाई गं, लय मजा आली!"

आणि एक दिवस पेपरात आलं, साताऱ्याला महिला हॉकीचे सामने होणार! देशाच्या संघातली गोलकीपर त्यात खेळणार! तिचं नाव इथं लिहीत नाही. तिची यात काहीच चूक नाही. रुक्मीनं तिचा पेपरातला फोटो पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता. पेटी उघडली की आधी ती बाई, मग कपडे.

माझे मामा साताऱ्यात होते, त्यामुळे मला परवानगी मिळाली. रुक्मीच्या मावशीनं साफ नाही म्हटलं. रुक्मी रडली नाही. एक नवीकोरी वही घेऊन स्टँडवर आली. "नंदे, बाकी कुणाची नगं. तिची एकटीची आण."

साताऱ्याचे ते दोन दिवस! मागं अजिंक्यतारा, पुढं लाल मातीचं मैदान, आणि त्यावर स्टिकांचा तो खडखडाट — एवढ्या जोरात पळणाऱ्या बायका मी कधी पाहिल्याच नव्हत्या. त्या ओरडत होत्या, पडत होत्या, गुडघे फोडून पुन्हा उठत होत्या. आणि ती गोलकीपर! एकदा तर ती अख्खी आडवी झाली आणि चेंडू बुटाच्या टोकानं बाहेर काढला. मी एवढी किंचाळले की मामा म्हणाले, "अगं, जरा हळू." मी कसली हळू! सामना संपला तशी दोरीखालून घुसले. अकरा सह्या मिळाल्या. अकरा!

ती मात्र राहिली. ती बसकडे निघाली होती, भोवती ही गर्दी. मी दोन्ही वह्या हातात धरून मुसंडी मारली आणि हात पुढं केला. तिनं वही ओढली, हिरव्या पेनानं सही केली, माझ्याकडं बघून हसली — माझ्याकडं! — आणि बसमध्ये चढली. बस सुटली. मी नाचत नाचत वही उघडली.

वही रुक्मीची होती.

मग मी काय केलं? परतीच्या एसटीत कराडपर्यंत ती वही मांडीवर उघडी ठेवून बसले. रुक्मीला दुसरी कुणाची सही नकोच होती. माझ्याकडं बाकीच्या सगळ्या होत्या, फक्त ही नव्हती. कराडला गाडी दहा मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले. मी स्टँडवरच्या दुकानातून हिरवं पेन घेतलं, आणि — आता लिहूनच टाकते — रुक्मीच्या वहीतलं ते पान फाडलं. त्याचं जोडपान सुटलं, तेही काढून टाकलं. पुढच्या पानावर सही मी केली. पहिल्या फटक्यात जमली. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. इतकी छान जमली म्हणून.

सोमवारी शाळेत रुक्मीनं वही घेण्याआधी दोन्ही हात स्कर्टला पुसले. मग सहीवरून बोट फिरवलं, अलगद, पुसली जाईल या भीतीनं. दुसऱ्या दिवशी तिनं कागदात गुंडाळलेली तीन जुनी चित्रं माझ्या हातात ठेवली. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीला होते, तिथं एका अमेरिकन शिपायानं त्यांना ती दिली होती. जुन्या सिगारेटच्या पाकिटातून निघणारी पत्त्यांएवढी चित्रं. पुढं टोपीवाले, गोल दांडकं घेतलेले खेळाडू, मागं तंबाखूची जाहिरात. तो खेळ बेसबॉल, हे मला फार पुढं कळलं. "तुला गोळा करायचा नाद हाय न्हवं? घे. आज्याला इचारलंय मी," ती म्हणाली. मी घेतली. हरखून घेतली. अजून माझ्या कपाटात आहेत, त्या खऱ्या सहीशेजारी.

इथवर असतं तर कदाचित पोरवयातली चोरी म्हणून सोडून दिली असती. पण अकरावीत रुक्मीची पुण्याच्या निवड शिबिराला निवड झाली. शिकवायला कोण, तर तीच गोलकीपर! रुक्मी ती वही घेऊन गेली. पहिल्या फेरीत ती सगळ्यांत चांगली खेळली. त्या बाईंनी पाठ थोपटली, तेव्हा रुक्मीनं वही पुढं केली. बाईंनी बघितलं आणि सहज म्हणाल्या, ही माझी सही नाही. रुक्मी हटून बसली. मैत्रिणीनं समोर उभं राहून घेतलीय, म्हणाली. पोरी हसल्या. सगळ्या मैदानानं ऐकलं.

ती परत आली ती थेट आमच्या घरी. मला वाटलं, संपलं. झालेलं सगळं सांगून तिनं फक्त एवढंच विचारलं, "नंदे, तू समोर व्हतीस न्हवं?"

"होते," मी म्हणाले.

"मग झालं. बाईच खोटी हाय."

तीन दिवसांनी दुसरी फेरी होती. ती जाणार नाही, म्हणाली. खोटारडीच्या हाताखाली खेळायचं नाही. तीन दिवस मी रोज तिला भेटत होते. तिसऱ्या दिवशी हॉकीचे सर समजवायला आले, तेव्हाही मी तिथंच होते. सर मला म्हणाले, "तू तरी सांग तिला." मी म्हणाले, "तिला नाही जायचं तर राहू दे ना सर." त्यानंतर तिनं स्टिक हातात धरली नाही.

आता ती मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे. सगळं चांगलं आहे तिचं. आम्ही अजून मैत्रिणी आहोत; तिच्याइतकं जवळचं मला कुणी नाही. मागच्या महिन्यात तिच्या घरी गेले होते. तिच्या मुलीनं चहा आणला आणि कुठून कोण जाणे, विचारलं, "आई, तू हॉकी का सोडलीस गं?"

रुक्मी म्हणाली, "एक बाई खोटं बोलली म्हणून."

मी तिच्या समोरच बसले होते. मी चहा प्यायले.