आप्पांचा मुराळी

त्या दिशी दुकानात आमी तिघंच होतो. शिवाप्पा भांडेवाले, त्यांची बायको अक्का, अन् मी हौसा, दुकानाची झाडलोट करणारी. चौथं म्हणाल तर ते कम्प्युटर. चौसाळ्याच्या बाजारात भांड्याच्या दुकानात कम्प्युटर बघून लोक हासायचे. ‘आप्पा, ह्याच्यात पाणी किती बसतं?’ आप्पा म्हणायचे, ‘तुझ्या अकलंपरीस जास्त बसतं.’

आप्पा लई खुणंचा माणूस. कल्हईला टाकल्यालं सवताचं पातेलं न्यायला कुणी आलं, तरी पैल्यांदा इचारायचे, ‘खूण काय?’ एकदा मी माझी कळशी मागितली, तर मलाबी तेच. म्हणलं, ‘आप्पा, मी रोज हितं राबते, अन् मला वळखत न्हाई?’ ‘तुला वळखतो गं. कळशी कुणाची ते कसं वळखू?’ बुडाला पोचा हाय म्हणल्यावरच दिली.

दुकानाचं नाव त्यांच्या लेकानं, बसूनं, इंटरनेटवर घातलं होतं. बसू पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत. नाव आप्पांच्या वडलांचं. त्या नावानं मेल जायची, लांबलांबचे लोक लग्नाची भांडी मागवायचे. मग कुण्या चोरानं त्याच नावानं घाण घाण मेल धाडल्या. हितून एकबी गेली न्हवती, नाव तेवढं आमचं. बसूच्या साहेबालाबी तसली एक गेली.

बसूचा फोन आला. ‘आप्पा, ते नाव बंद करा. मला हाफिसात तोंड दाखवायला जागा न्हाई.’

‘माझ्या बापाचं नाव बंद करू? मग तूबी बंद!’ आप्पांनी फोन आदळला. तवापासून बापलेकाचं बोलणं तुटलं.

नाव जिथं भाड्यानं ठिवलं होतं, त्या कंपनीला फोन करून करून आप्पांनी नावाला खूण लावून घेतली. मी इचारलं, ‘म्हंजी काय ओ?’

‘हौसाबाई, सणाला लेकीला आणायला मुराळी जातो का न्हाई? व्याह्याला आधीच सांगून ठिवायचं, आमचा मुराळी हा. दुसरा कुणी आला तर लेक धाडू नका. तसंच हाय हे. आमची मेल ह्याच कंपनीतून येणार. दुसरीकडून आली, तर उंबऱ्याच्या आत घिऊ नका.’

‘अन् मुराळीच बदलला तर?’

‘लई इचार करती तू. भांडी पूस.’

थोड्या दिसांनी त्यांच्या मनानं घेतलं. ‘ही कंपनी बसूनंच बघून दिल्याली. त्याच्या वळखीच्या दारात मी कावून ऱ्हावू?’ म्हणून रागानं नाव अन् मेल समदं दुसऱ्या कंपनीत नेलं.

मग छातीचं दुखणं लागलं. दम पुरंना. त्या दिशी, मघाशी सांगितलं तसं, आमी तिघं होतो. आप्पा एका बोटानं मेल लिव्हत होते अन् मोठ्यानं बोलत होते. अक्का म्हणली, ‘फोन करा की सरळ.’

‘फोनवर मला आवाज फुटायचा न्हाई.’

अन् लिव्हलं, ‘बसू, तू बारका असताना हिरीत पवायला गेलतास, गळ्यातलं लिंग पाण्यात गेलं. मी माझं काढून तुझ्या गळ्यात बांधलं. तुझ्या आईलाबी सांगितलं न्हाई. एवढं झाकलं, मग रागातल्या एका शब्दाचं काय? ये.’

अक्का कडाडली, ‘अगं बाई! मला इतकी वर्सं पत्ता न्हाई!’

‘आता लागला की.’ आप्पा हासले. मग खोकले लई.

उत्तर आलं न्हाई. अक्का म्हणायची, मी करते फोन. आप्पा नको म्हणायचे. ‘बोलावणं धाडलंय. खूण लावल्याली हाय, पोचलं असंलच. दुसऱ्यांदा बोलावलं की ती भीक झाली.’ पैल्यांदा रोज मशीन उघडून बघायचे. मग मला म्हणायचे, तू उघड. मग तेबी म्हणायचे राहिले. भिंतीकडं तोंड करून पडायचे. तसेच गेले.

बसू मातीला आला. आप्पांना बसवून नेलं, गळ्यात लिंग बांधणाऱ्या लिंगायतांत तशी रीत हाय. अक्काला भान न्हवतं. बसू म्हणला, ‘शेवटपतुर बापानं एक शब्द लिव्हला न्हाई मला.’

मी म्हणलं, ‘लिव्हला.’

‘मावशी, उगं समजूत घालू नका.’

‘खूण सांगू?’ अन् हिरीतलं सांगितलं.

त्याचा हात गळ्याकडं गेला. तसाच खाली मातीत बसला.

मागून त्यानं मशीन उघडून बघितलं. म्हणला, ‘मावशी, कंपनी बदलली, पर खुणंत जुन्या कंपनीचंच नाव राहिलं. मुराळी अनवळखी दिसला म्हणून आमच्या हाफिसानं चोर समजून कचऱ्यात, त्या स्पॅमच्या डब्यात टाकला. तिथला कचरा आपोआप पुसला जातो.’ मग बारीक आवाजात म्हणला, ‘आप्पांच्या नावाची मेल लई कडक तपासा, हे मीच सांगितलंतं. त्या घाणीपायी.’

बापानं हिकडून कडी लावली, लेकानं तिकडून. मधी ती मेल उभी राहिली.

मी शिकल्याली न्हाई. वाचणाऱ्याला एकच मागणं हाय. कुणाच्या शब्दाची वाट बघून रुसला असाल, तर तुमच्या मेलच्या त्या कचऱ्याच्या डब्यात आज एकदा बघा. पुसला जायच्या आधी बघा.