उतारावरची शांतता

आज लातूरच्या पंपावर रांगेत डिझेलचा वास आला आणि शिवाप्पामामांची काळी-पिवळी जीप आठवली. मी तेव्हा नवी शिक्षिका होते. अहमदपूरहून शाळेच्या गावाला रोज त्यांच्याच जीपमधून जायचे.

एका सकाळी उताराच्या तोंडाशी त्यांनी इंजिन बंद केलं. मी विचारलं, "मामा, काय झालं?"

"काय न्हाई, बाई. डिझेल पुन्हा वाढलंय. भाडं वाढवलं तर माणसं चढत न्हाईत. उताराला तरी वाचवायलोय."

दाटीवाटीनं बसलेल्या आम्हा बारा जणांना घेऊन जीप आवाज न करता उतरू लागली. करडईच्या रानावरून वारा येत होता, दूर कुठं बैलांच्या घंटा वाजत होत्या. उतार संपूच नये असं मला वाटलं. वळणावर शेळ्या आडव्या आल्या, तेव्हा मामा सीटवरून अर्धे उठले. जीप शेळ्यांपाशी येऊन थांबली. रस्ता नीट दिसावा म्हणून उठले असतील, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात मी गाडी चालवायला शिकले. शिकवणारा म्हणाला, "मॅडम, इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो."

मामा रस्ता बघायला उठलेच नव्हते. आम्हा बारा जणांना पेलून ते एका पायावर उभे होते.