निळं टोपडं

सेटवर सगळे तिला मावशी म्हणत. तिला खरोखर मावशी म्हणावं असं मात्र तिचं कुणीच नव्हतं. पडद्यामागचे फोटो काढणं हे तिचं काम. स्टुडिओच्या तीन भिंती निळ्या, जमीन निळी. नंतर संगणकावर तो निळा पुसायचा आणि तिथे समुद्र, आभाळ, काय हवं ते चिकटवायचं.

त्या निळ्यात एक माणूसही निळा होता. त्याला सगळे निळ्याच म्हणत. अंगभर निळे कपडे आणि तोंडावर निळं टोपडं, बघण्या-श्वासापुरती जाळी ठेवलेलं. नायिका हवेत तरंगायची असली की तिला खालून उचलून धरायचं ते यानं. मग ती पडद्यावर तरंगे आणि हा पुसला जाई.

"अकरा वर्षं झाली, मावशी," तो म्हणायचा. "सासरा अजून विचारतो, जावईबापू नक्की करतात काय?"

उकडलं की तो टोपडं कपाळावर सरकवायचा. की मावशी खेकसलीच, "ए, ओढ ते खाली! माझं निळं तुटतंय."

"घ्या, झाकलं थोबाड. काढा तुमचं अधांतरी पाखरू!"

तिला फोटोतही नायिका आपोआप तरंगताना हवी असायची. ते फोटो छापून येत. एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात अभिमानानं सांगितली असेल.

आणि एका दुपारी उंच बांधलेल्या फळीवरून निळ्या पडला. निळ्या जमिनीवर निळी फळी, टोपड्याच्या जाळीतून कड दिसलीच नाही. कंबर मोडली.

आठवड्यानं त्याची बायको मावशीच्या दारात उभी राहिली.

"स्टुडिओवाले म्हणतात, त्या दिवशी हे आलेच नव्हते. हजेरीचं पानच बदललंय. कामावर पडले असं लिहून मिळालं तरच विम्यातून ऑपरेशन होईल, नाहीतर जन्मभर अंथरुणात. बाकी सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलंय, ताई. तुमच्याकडे फोटो असेल ना?"

फोटो होता. पडायच्या आधी दोनच मिनिटं काढलेला. तो दाखवला की काम जाणार, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. ती चप्पल घालून म्हणाली, "चल."

स्टुडिओच्या मॅनेजरनं फोटो हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"छान आहे. कोण हा?"

"कोण म्हणजे? निळ्या!"

"निळे कपडे तिघांचे आहेत, मावशी. चेहरा कुठाय?"

"मी सांगते ना, मी तिथे होते!"

"उद्या तुम्ही म्हणाल, यात तुम्हीच आहात."

"अहो, हे बघा ना," बायको पुढे झुकली. "डावा खांदा असा पाडून हेच उभे राहतात."

"खांद्याला ओळखपत्र नसतं, वहिनी." त्यानं फोटो टेबलावरून सरकवला. "आणि मावशी, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका."

घरी येऊन मावशीनं अकरा वर्षांचे फोटो उपसले. बायको शेजारी बसून बघत होती. निळ्या उचलतोय, निळ्या वाकलाय, निळ्या चहाचा ग्लास धरून बसलाय. सगळीकडे टोपडं खाली. दर फोटोला मावशीला स्वतःचंच खेकसणं ऐकू येत होतं.

"एकही नाही?" बायकोनं विचारलं.

"तो घाम पुसायला टोपडं वर करायचा," मावशी म्हणाली. "मीच... मीच खाली ओढायला लावायचे."

मावशीनं त्यातला सगळ्यात चांगला फोटो काढून तिच्यापुढे धरला. "हा तरी ठेव. घरात लावायला."

बायकोनं तो उलटा करून मावशीच्याच मांडीवर ठेवला.

"नको. आमच्या घरात त्यांना तोंड आहे."

आणि ती पदर खोचून निघाली. निळ्याची कूस बदलायची वेळ झाली होती.