ताईच्या कॉम्प्युटरवरचं कुंकू

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी देवपूजा आटोपली, हात पुसले आणि ताईचा कॉम्प्युटर उघडला.

आत कुंकू नव्हतं.

धूळ होती. पंख्यात जळमटं होती. एक मेलेलं झुरळ होतं. पण टॉर्च मारून कोपरान् कोपरा बघितला, कुंकवाचा कण नाही की अक्षतेचा दाणा नाही.

कुंकू होतं ते फक्त बाहेर, कॅबिनेटच्या कपाळावर. दसऱ्याला तिने टेकवलेलं बोट. अजून तसंच.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं तिने केली आहेत. कात्रपच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर बसून. आधी देवाचं नाव टाईप करायची, मग बाकीचं.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

एका वर्षी गणपतीत काम वाढलं. मशीन स्लो झालं म्हणून भाऊजींनी उल्हासनगरच्या एका दुकानातून आणखी एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, टाकून आणला. तेव्हापासून ते मध्येच बंद पडायला लागलं. निळी स्क्रीन. दर वेळी वेगळाच एरर.

मग दसरा आला. ताईने नेहमीप्रमाणे शिलाई मशीन, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली.

नंतर दोघं मशीन घेऊन त्याच दुकानात गेले. त्या माणसाने कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. कपाळावरचं कुंकू बघितलं आणि निकाल दिला.

"पूजा का पावडर अंदर गया है, अंकल. विंडोज करप्ट है. फॉरमॅट मारना पडेगा."

ताई म्हणाली, "भैया, पूजा के पहले से बंद पडता है. गणपती में तुमने वो रॅम डाला ना, तब से."

"रॅम का कुछ नहीं, मॅडम." आणि भाऊजींकडे वळून, "अंकल, मॅडम को बोलो, मशीन को भगवान मत बनाओ."

भाऊजी हसले. दुकानातलं गिऱ्हाईकही हसलं.

फॉरमॅट मारला. पुन्हा बंद. पुन्हा फॉरमॅट. दर वेळी तिचं काम पुसलं जायचं आणि दर वेळी दोष कुंकवाचा.

एका मुलीची पत्रिका छापायला जायची त्याच दिवशी सगळं गेलं. ताई त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली.

कशाची माफी?

पुढच्या दसऱ्याला तिने घरात कशालाच कुंकू लावलं नाही. भाऊबीजेला गेलो तर कॉम्प्युटरवर चादर.

"काय गं, काम बंद?"

"माझाच हात वाईट रे," म्हणाली.

सगळी हकिगत तेव्हा सांगितली तिने. मी म्हटलं, दाखव मला.

"नको. उगाच यांचं डोकं फिरेल. तू करंजी खा."

काही महिन्यांनी ती गेली. भाऊजी म्हणाले, "ते धूड भंगारात दे, नाहीतर तू ने." मी बेलवलीला घरी आणलं.

मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस नाही. अंबरनाथला कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीन बंद पडलं की आधी ऑपरेटरला विचारतात, कधीपासून? त्याआधी काय बदललं होतं?

ताई ऑपरेटर होती. तिने न विचारता सांगितलं होतं.

तिचं ऐकायचं कोणाला होतं?

त्या रविवारी मेमरी तपासायचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावला. स्क्रीनभर लाल ओळी, म्हणजे मेमरीत चुका. दोन रॅमपैकी नवा काढला, जुना एकटा ठेवला. एकही लाल ओळ नाही. मग त्याच खाचेत नवा एकटा लावला. पुन्हा लाल.

झालं. एवढंच होतं. चहा गार व्हायच्या आत कळावं असं.

देवापुढे हात जोडणारी बाई दिसली की तिचं डोकं बंद असणार, हे कोणी ठरवलं? मी रोज पूजा करतो. मला कारखान्यात कोणी असं म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात तिथीने श्राद्ध झालं. जेवणं उरकली आणि भाऊजींनी पाहुण्यांपुढे तोच किस्सा काढला. "आमच्या हिने दसऱ्याला कॉम्प्युटरचा बळी दिला!"

पाहुणे हसले.

मी म्हटलं, "भाऊजी, ती बरोबर सांगत होती."

"अरे, गंमत केली. दुकानवाला बोलला होता ना तसं."

"तीपण बोलली होती."

"बरं बाबा. आज तिच्या नावाने जेवलोय, आज नको."

श्राद्धाच्या दिवशी भांडण नको आणि कुंकूही चालत नाही. पण घरी येताना ठरवलं.

आज तारखेने वर्ष. सकाळीच मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने कात्रपला गेलो.

"हे परत कशाला? चालवणार कोण?" भाऊजी दारातच.

"कोणी नाही. पण चालू राहील."

खिडकीखाली तिच्या टेबलावर ठेवलं. त्यांना खुर्चीत बसवलं आणि तो नवा रॅम लावून दाखवला. लाल. तो काढून जुना लावला. काही नाही.

भाऊजी स्क्रीनकडे झुकले.

"म्हणजे ती गणपतीपासून म्हणत होती ते..."

"हो."

मी करंडा मागितला. ते उठले, देवघरात गेले, स्वयंपाकघरात गेले, हात हलवत परत आले. तिचा करंडा कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं.

मला ठाऊक होतं असंच होणार. खिशात घरून कुंकवाची पुडी आणली होती.

खराब रॅम भाऊजींच्या हातात दिला. आणि तिने बोट टेकवलं होतं त्याच जागी, त्यांच्या डोळ्यांदेखत, कॉम्प्युटरला कुंकू लावलं.

ताई, तुझा हात चांगला होता. नमस्कार.