काकूंनी भाजलेलं बेकन

आमच्या घरमालकीण काकूंना भिंतीपलीकडचं अंडं वासावरून कळायचं. लातूरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आले, त्याच आठवड्यात त्या दारात उभ्या. "मॅडम, काय उकडून राहिल्या?"

"बटाटे," मी म्हटलं.

त्या हसल्या. "बटाट्याला असा वास येत न्हाई. खा, पण खिडकी लावून घ्या. अन् गुरुवारी नको, भजनाच्या बाया येतात."

बोलणं असं तोडून, पण जीव लावायच्या. मी जळकोटकडच्या शेतकऱ्याची, घरातली पहिली पदवीधर, याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक. मी पेपर तपासत बसले की गरम भाकरी दाराशी यायची. "मास्तरीण उपाशी असली की मार्क कमी देती," म्हणायच्या. त्या घासांचे उपकार मी विसरलेले नाही.

त्यांचा मुलगा कॅनडात. बऱ्याच वर्षांनी तो बायको-मुलीला घेऊन आला. नातीला मराठी समजायचं, थोडं बोलताही यायचं, पण इथलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. म्हणून मुलानं हैदराबादला उतरल्यावर तिच्या आवडीचा तयार रोल घेतला होता आणि बेकनचं, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या पट्ट्यांचं, एक पाकीटही. पाकीट त्यानं गुपचूप माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला दिलं.

नात ओसरीवर रोल खात बसली. आत डुकराचं मांस आहे हे कळताच काकूंनी तिच्या हातातली ताटली काढून घेतली, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तिला चूळ भरायला लावली. पोरीनं निमूट चूळ भरली. मग विचारलं, "आजी, मी घाण आहे का?"

त्यानंतर ती आजीसमोर जेवेना. ताट पुढे आलं की पोट भरलंय म्हणायची आणि खोलीत जाऊन बिस्किटं खायची.

दोन दिवसांनी काकू माझ्याकडे आल्या. नजर जमिनीवर. "मॅडम, तुमचा तवा देता का? ते पाकीट बी काढा, पोरानं सांगितलंय मला."

मी गडबडले. आमच्याकडे मटण चालतं, पण डुकराला आमच्यातही कुणी शिवत नाही. तरी म्हटलं, "तुम्ही बसा काकू, मी भाजते."

"न्हाई. चूळ मी भरायला लावली. भाजणार बी मीच."

पदर नाकाशी धरून त्यांनी तव्यावर पट्ट्या टाकल्या. "आगं बाई, तेल न टाकताच तळून राहिलं की हे!" रोलमध्ये घालायला लेट्यूसची पानं मंडईत मिळाली नव्हती, म्हणून कोबीची आतली कोवळी पानं घेतली, टोमॅटोच्या चकत्या, आणि काकूंच्या हातची मऊ पोळी. तेवढ्यात नात दारात येऊन उभी राहिली. काकूंनी झटकन पदर नाकावरून काढून कमरेला खोचला.

"ये गं बाई. कुरकुरीत करू का मऊ?"

"कुरकुरीत," ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी गुरुवार आहे, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात नव्हतं. अंगणातून भजनाच्या बायांचा आवाज आला, "काय शिजवून राहिल्या ओ मॅडम? वार तर बघायचा!" मी मान खाली घालून माफी मागायला निघाले, पण काकू उलथनं हातात घेऊन माझ्या पुढे झाल्या.

"मॅडमला बोलू नका. मी भाजून राहिले, माझ्या नातीसाठी. डुकराचं हाय."

बाया अंगणातूनच परत गेल्या. पुढच्या गुरुवारी भजन दुसरीकडे झालं. काकूंना बोलावणं आलं नाही आणि त्यांनीही ते विचारलं नाही. नात मात्र त्या दिवशी आजीला टेकून दोन रोल जेवली होती. मला वाटलं, मिटलं.

आता काकू नाहीत. पण माझी नांदेडला बदली होण्याआधीचा एक रविवार आठवला की तेव्हा 'मिटलं' असं समजल्याची अजून लाज वाटते. दर रविवारी नातीचा फोन यायचा. काकू फोन स्पीकरवर टाकून विचारायच्या, "काय जेवलीस?" उत्तर ठरलेलं, "वरणभात, आजी." त्या रविवारीही ती तेच म्हणाली आणि तिच्या मागून सुनेचा आवाज आला, "बेकन गार होतंय गं, ये लवकर." पलीकडून पोरीनं झटकन फोन बंद केला.

काकूंनी फोन पदरानं पुसून खाली ठेवला.

"खोटं बोलून राहिली पोरगी," त्या म्हणाल्या. "हे लाजणं मीच शिकवलं तिला, मॅडम. आता ते काढू कसं?"