बंद आहे, आई

आमच्या ठकीला लहानपणी कुणी विचारलं, मोठेपणी काय करणार, तर ती छाती काढून सांगायची, "मी आईचा गॅस बघणार." सगळे हसायचे. मीही हसायचे. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटायचं.

ठकी माझ्या दादाची एकुलती एक मुलगी. मी त्यांच्याच खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे त्या घरातलं माझ्यापासून काही लपत नाही, आणि मी लपू देतही नाही. वहिनीच्या हाताला चव, बोलणं गोड, पण स्वयंपाक आटोपला की तिचं सुरू व्हायचं. गॅस बंद आहे का? बटण फिरवायची, वाकून बघायची, बाहेर येऊन बसायची, परत आत. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता आणि दादाच्या शब्दावर तर त्याहून नव्हता. ठकीने आत जाऊन, बटणावर हात ठेवून "बंद आहे, आई" म्हटलं, की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा. तोही थोडा वेळ.

ठकी शाळेच्या सहलीला कधी गेली नाही, ती यामुळेच. कॉलेजही घराजवळचं घेतलं. दादा म्हणायचा, "तिची आई जरा काळजी करते, एवढंच." आमच्या दादाला 'एवढंच' म्हणायची फार हौस. उद्या छप्पर उडून गेलं तरी म्हणेल, जरा वारा सुटलाय, एवढंच.

पुढे ठकी फोटोफ्रेमच्या दुकानात लागली. पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच पुसून बसवायची. हात असा बसला तिचा, की मालक गिऱ्हाइकं तिच्यावर सोपवून खुशाल पेपर वाचत बसायचा. पण घरून फोन आला की ती हातातलं काम टाकून धावायची, कारण फोनवर सांगितलेलं वहिनीला पटायचं नाही. "तू तिथून कसं गं बघितलंस?" ती विचारायची. यावर काय बोलणार, कपाळ!

त्या दुकानात काचा पोचवायला एक तरुण यायचा. उंच, अबोल, बोटांना कायम चिकटपट्ट्या. ठकी घरी पळाली की तिचं अर्धं राहिलेलं काम तो करून ठेवायचा, आणि तेही वाकडं. ती येऊन ते सगळं उकलायची आणि त्याचा उद्धार करायची. असं जमलं त्यांचं. मला तो पहिल्या भेटीतच आवडला, पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. डोक्यावर बसेल.

त्याला दुसऱ्या गावी काचेच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा त्याने लग्नाचं विचारलं. ठकी हो म्हणाली आणि त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. आपण गेल्यावर आईचं काय? दादाने डोकं लढवलं. "बंद आहे, आई, मी बघितलं," असं ठकीच्या आवाजात फोनवर भरून ठेवलं आणि स्वारी गड जिंकल्यासारखी घरभर हिंडू लागली. वहिनीने दुसऱ्या दिवशी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, हे कालचं आहे. आत्ताचं काय?"

मला हसू फुटलं, पण ते आता हसण्यासारखं राहिलं नव्हतं. मग मीच वहिनीला आणि ठकीला घेऊन मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दादाचा पारा चढला. "माझी बायको काय वेडी आहे?"

"नाही, आजारी आहे," मी म्हटलं. "वेडा तू आहेस."

बाईंनी वहिनीला गोळ्या दिल्या आणि ठकीला सांगितलं, हळूहळू उत्तर देणं बंद कर, तू उत्तर देतेस तेवढा तो आजार माजतो. ठकी पांढरीफटक पडली. आपण आईला सांभाळतोय, या एका गोष्टीवर ती पोर वाढली होती.

लग्न कचेरीत सह्या करून झालं. निघायच्या दिवशी जावईबापू खाली टॅक्सीत सामान चढवत होते आणि दादा मदतीच्या नावाखाली डोळे पुसत होता. वर आम्ही तिघीच. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ओठ दातांखाली, दोन्ही हात काखेत घट्ट. आज विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. ठकी तिला बिलगली, बॅग उचलून दारापर्यंत गेली आणि थांबली.

"आई, आज विचारलं नाहीस?"

"नाही विचारत. जा तू."

"बघून तर जाते."

ठकी आत गेली. बटणावर हात ठेवून "बंद आहे" म्हणाली. दारापर्यंत आली आणि परत गेली. "बंद आहे." पुन्हा आली, पुन्हा गेली, वाकून बघू लागली. खाली हॉर्न वाजला. ते वाकणं हुबेहूब वहिनीचं होतं.

वहिनीनेही ते ओळखलं. तिने ठकीचं मनगट धरलं, बटणावरचा हात सोडवला, बॅग तिच्या गळ्यात अडकवली आणि तिला ढकलत ढकलत बाहेर काढलं. दार लावलं, कडी घातली. मग दाराला पाठ टेकून ती खाली बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, गेली ना हो ती? नक्की गेली ना?"

मी उत्तर दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. जिन्यावर अजून पावलं वाजली नव्हती.