कुंकू लावलेली फ्लॉपी

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची ही आमच्या घरची रीत, आणि माझं हत्यार म्हणजे संगणक. इंदिरानगरला माझं मराठी टायपिंगचं छोटं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. त्या दसऱ्याला मी मॉनिटरला झेंडूचा हार घातला, प्रिंटरला हळदकुंकू वाहिलं आणि उत्साहाच्या भरात समोरच्या फ्लॉपीलाही ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. ती जुनी, मोठी, पातळ फ्लॉपी. तिच्या पाकिटाला उघडी खाच असते आणि तिच्यातून आतली चकती दिसते. माझं बोट नेमकं त्या खाचेत.

फ्लॉपीत सुरगाण्याकडच्या एका गुरुजींचं काम होतं. डोंगरातल्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी तिथल्या बोलीतले शब्द वहीत टिपले होते. पिकांचे, पाखरांचे, रानभाज्यांचे. ते सगळं मी टाइप केलं. तेव्हा हार्ड डिस्क एवढीशी, त्यामुळे काम फ्लॉपीत उतरवलं की संगणकावरून पुसून टाकायचं. छपाई लांबणीवर पडली. "गुरुजी, वहीची काळजी सोडा, सगळं फ्लॉपीत आहे," असं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. पुढे दुकानाची जागा बदलताना वही रद्दीत गेली, आणि त्यानंतर कळलं की फ्लॉपी उघडतच नाही.

खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. गुरुजींचा फोन आला की "आहे हो, जपून ठेवलीय," असं मी म्हणायचे आणि फोन ठेवला की घरच्यांवर उगाच खेकसायचे. अशी किती वर्षं गेली, मोजायचीही लाज वाटते.

अलीकडे पुन्हा फोन आला. गुरुजी आता वणीला मुलाकडे असतात. "ताई, माझी नात आपल्याच पाड्यावर मास्तरीण झाली. पोरांना ते शब्द शिकवीन म्हणते. घिऊन येऊ का तिला?"

"नको, मीच येते," म्हटलं आणि कपाटातून ती फ्लॉपी बाहेर काढली.

आमच्या सोसायटीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. जुन्या संगणकांचा त्यांना भारी नाद. या नादाला मी एकदा त्यांच्या बायकोसमोर भंगार म्हणाले होते. आता अडला हरी झाल्यावर त्यांचंच दार वाजवलं.

"या वहिनी, भंगारवाल्याकडे काय काम काढलंत?"

टोमणा गिळून मी फ्लॉपी पुढे केली. कुंकू बघून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी पाकिटाची कड कापून चकती बाहेर काढली, स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पुसली आणि दुसऱ्या फ्लॉपीच्या रिकाम्या पाकिटात घातली. जुना ड्राइव्ह, त्याला जोडलेलं तळहाताएवढं कार्ड, तिथून लॅपटॉपला वायर. ते म्हणाले, "हे कार्ड फाइल शोधत बसत नाही. चकतीवरचे चुंबकीय ठसे जसेच्या तसे उचलतं. अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावतं."

पडद्यावर बारीक चौकटी भरू लागल्या. वाचलं तर हिरवी, नाही तर लाल. सुरुवातीलाच लाल. मी देवीला नवस बोलणार होते, पण मुळात पूजेनेच घात केलेला, म्हणून राहू दिलं. मग हिरवी, हिरवी, परत हिरवी. त्यांनी लाल जागा पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या. शेवटी फक्त तीन उरल्या, एकमेकींना लागून.

फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. तिला मी घाबरले नाही, तो जुन्या फॉन्टचा खेळ मला पाठ आहे. फॉन्ट टाकला आणि गुरुजींचे शब्द समोर उभे राहिले. मी त्या दोघा नवराबायकोसमोर हमसून रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वणीला गेले, ती छापील कागद घेऊन. पाणी घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. कुंकू, रद्दी, खोटं बोलणं, सगळं.

"म्हंजे इतकी वर्षं तुमच्याकडं कायच नव्हतं?"

"नव्हतं, गुरुजी."

"मला राग आलाय. जरा येऊ द्या," म्हणाले आणि चष्मा लावून पानं उलटू लागले. रानभाज्यांच्या यादीपाशी ते थांबले. कुरडूच्या भाजीनंतर एकदम तेऱ्याची भाजी होती, मध्ये मी पाऊण पान कोरं सोडलं होतं. माझं बोट पडलं होतं ते तिथे.

"घे गं लिहून," त्यांनी नातीला सांगितलं. "कोळू. चाई." ते एकेक सांगत गेले, ती पेनाने भरत गेली. दोन ठिकाणी अडले, तेव्हा आतून सूनबाईने सांगितलं. पाऊण पान भरलं.

मग त्यांनी चष्मा काढला. "आता कुठं ठेवलंय हे?"

"चार ठिकाणी, गुरुजी. आणि हे कागद तुमच्याकडे."

"बेस केलं. दसऱ्याला मात्र लांबूनच हात जोडा."